पाल कुठल्या रकान्यात?

आमची नात मोठ्या शिशूत आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या वर्गात प्राण्यांचा आठवडा होता. सोमवारी पाळीव, मंगळवारी जंगली, बुधवारी पाण्यातले, गुरुवारी पक्षी आणि शुक्रवारी वेशभूषा. शनिवारी सुट्टी. तोवर पालकांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो, हे शाळेलाही ठाऊक असावं.

गृहपाठ माझ्याकडे असतो. मुलगा आणि सून त्या वेळी लोकलमध्ये कुठेतरी मुंब्रा आणि डोंबिवलीच्या मध्ये लोंबकळत असतात. सोमवारी एका कागदावर मेंढीची रेघांची आकृती आली. तिच्या अंगावर कापूस चिकटवायचा होता. फेव्हिकॉलचं एक बोट, कापसाचा एक गोळा, असं आमचं काम सुरू झालं. अर्ध्या तासात मेंढीपेक्षा नातीच्या कोपराला जास्त लोकर आली होती.

"आबा, तू खरी मेंढी पाहिलीयस?"

पाहिलीय म्हणजे काय! माण तालुक्यातल्या आमच्या गावी दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरायचे. शेतात मेंढरं बसवायची म्हणजे रात्रभर जाळीच्या वाघरात कळप ठेवायचा. लेंड्या आणि मूत हेच खत. त्याबद्दल धनगराला धान्य द्यायचं. पहाटे उठून पाहिलं की जमिनीवर काळा ढग उतरल्यासारखा दिसायचा. काळा म्हणतोय, कारण आपली दख्खनी मेंढी बहुतेक काळीच असते, आणि म्हणून घोंगडंही काळं. हा वासाचा, उबेचा, बें-बें करणारा काळा ढग मी तिला वर्णन करून सांगितला. ती नीट ऐकत होती. मग तिने काळं स्केचपेन घेतलं आणि चिकटवलेल्या पांढऱ्याशुभ्र कापसावर गिरवायला लागली.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. कोपऱ्यात लाल पेनाने एक हसरा चेहरा, पण जरा कमी हसरा, आणि खाली "स्वच्छता पाळावी".

मी काही बोललो नाही. बाईंचं चुकलं असंही नाही. पंचवीस मुलं, पंचवीस कापसाचे पुडे, त्यात एक मेंढी डांबरात पडल्यासारखी. पण ही पांढरी गुबगुबीत मेंढी आपल्या तक्त्यांवर कुठून आली, हा प्रश्न डोक्यात राहिला. आली असेल विलायती चित्रांच्या पुस्तकातून, लाल कौलांच्या कोठारासकट. आमच्या मोठ्या शिशूच्या भिंतीवर ते कोठारही आहे. गोठा नाही.

मंगळवारी खरी पंचाईत झाली. कागदावर मधोमध उभी रेघ. एकीकडे 'पाळीव', दुसरीकडे 'जंगली'. पाच-पाच प्राण्यांची चित्रं काढायची. गाय, कुत्रा, मांजर भराभर झाले. वाघ, सिंह, हत्तीही आले. मग तिने पेन्सिल तोंडात घातली.

"आबा, पाल कुठे काढू?"

"पाळीव नाही ती. आपण पाळतो का तिला?"

"पण आपल्याच घरात राहते. ट्यूबच्या मागे."

"मग जंगली."

"जंगलात नाही ना राहत."

इथे माझ्याच मनात शंकेची पाल चुकचुकली. उंदीर कुठे जाणार? खिडकीतला कावळा? खालच्या टपरीसमोर झोपणारा, कुणाच्याच मालकीचा नसलेला आणि सगळ्यांची बिस्किटं खाणारा तो लाल्या? आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून ज्यांच्या इमारती आहेत त्यांना विचारा, रात्री आवारात येऊन जाणारा बिबट्या नक्की कुठल्या रकान्यातला. मुंबईच्या आसपास ही उभी रेघ कुणी पाळत नाही, ना माणसं ना जनावरं.

मी विचारात असताना नातीने तोडगा काढला होता. तिने पाल बरोब्बर रेघेवर काढली. डोकं पाळीवमध्ये, शेपूट जंगलीत.

त्या रात्री जेवताना ती "गाईचं पिल्लू" म्हणाली आणि माझा घास अडकला. म्हटलं, पोरी, गाईचं वासरू असतं. म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू. हरणीचं पाडस, वाघाचा बछडा, सिंहाचा छावा. तिला तो नाद आवडला. रेडकू, करडू, कोकरू म्हणत ताटावर चमचा वाजवून झाला. मग अर्थातच, "आणि पालीचं?"

पालीचं पिल्लूच. एवढी मोठी मराठी भाषा, पण पालीच्या पोरासाठी वेगळा शब्द नाही. जी जनावरं दूध देतात, लोकर देतात, पाठीवर ओझं घेतात, त्यांच्या लेकरांची आपण कौतुकाने नावं ठेवली. ज्यांना घाबरलो किंवा ज्यांच्यावर भाळलो, त्यांचीही ठेवली. पाल मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपल्या डोक्यावर राहून बिननावाची आई. नाही म्हणायला पंचांगात तिच्यासाठी राखीव जागा आहे. पल्लीपतन! कपाळावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय, सगळं फळ छापलेलं असतं. मात्र ते आपल्याला मिळणारं फळ. पडल्यावर पालीचं काय होतं ते पंचांगकर्त्यांनी विचारात घेतलेलं नाही.

बुधवारी पाठ करायला वाक्यं होती. त्यातलं पहिलं, "गाय आपल्याला दूध देते." आता ज्याने आईबरोबर धारेला बसून काढलंय, त्याला हे वाक्य पुरतं पटणं कठीण. आमची कपिला एकदा वासरू गेल्यावर चार दिवस पान्हा चोरत होती. आई तिच्या पाठीवरून हात फिरवायची, कानाशी काहीतरी बोलायची, आणि चरवीत नुसता तळ भिजायचा. गाय देत नसते, आपण घेतो; तिच्या मनात असेल तर. पण एवढं सगळं त्या एका ओळीत कसं मावणार? मीही मुकाट्याने "गाय आपल्याला दूध देते" दहा वेळा म्हणून घेतलं.

फार वर्षांपूर्वी घोलवडला चिकू आणायला म्हणून गेलो होतो, तेव्हा कोसबाडची टेकडी पाहिली होती. त्या भागात, म्हणजे तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. 1945 मध्ये बोर्डीला सुरुवात, पुढे 1957 च्या सुमारास कोसबाड. पाड्यावरची आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तर यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच रुळला. सरकारी योजना आली 1975 मध्ये, म्हणजे बऱ्याच नंतर. मला त्याहून आवडतो तो त्यांचा दुसरा शब्द, कुरणशाळा. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, कारण गुरं कोण बघणार? मग शाळाच कुरणात गेली.

तिथल्या प्राण्यांच्या आठवड्याची मी कधी कधी कल्पना करतो. तो वर्षभर चालत असणार आणि त्याला आठवडा म्हणायचं कुणाला सुचलंही नसणार. ज्या पोराला पाठीमागून नुसत्या चालीवरून आपली गाय ओळखता येते, त्याला गाय आणि वासराची जोडी लावायला सांगणं म्हणजे कोळणीच्या मुलीला बोंबील दाखवून "हे काय?" विचारण्यासारखं. आमच्या डोंबिवलीत कुरण नाही, हे मान्य. पण ट्यूबलाइट आहे.

शुक्रवारच्या वेशभूषेसाठी नातीने जाहीर केलं, "मी पाल होणार."

सून "शी!" म्हणाली. आमच्या मंडळी "अगंबाई!" म्हणाल्या. मी स्टेशनजवळच्या भाड्याने कपडे देणाऱ्याकडे गेलो. त्याच्याकडे वाघ होते, ससे होते, फुलपाखरं डझनभर होती. पाल म्हटल्यावर त्याने माझ्याकडे दोन क्षण पाहिलं आणि आतून एक हिरवा झगा आणला. "काका, मगर न्या. लहान साइझ आहे. लांबून पालच वाटते."

नात लांबून बघणाऱ्यांतली नाही. तेव्हा घरातली जुनी मातकट चादर कापली, आणि शेपटीत गोधडीच्या चिंध्या भरल्या. मधल्या दोन दिवसांत मी तिला पालीची सगळी माहिती पुरवली होती. तिच्या पायाला डिंक नसतो, डोळ्यांना न दिसणारे बारीक बारीक केस असतात, त्यांवर ती छताला धरून राहते. ती विषारी नसते. आणि कुणी धरलं की शेपूट टाकून पळते. तुटलेली शेपूट वळवळत राहते, शत्रू तिच्याकडे बघत बसतो, आणि पाल पसार. नवी शेपूट येते, पण आत हाड नसतं, कूर्चा असते. यातलं शेपूट टाकणं तिला इतकं भावलं की ते रंगमंचावर करून दाखवायचंच ठरलं. त्यासाठी शेपूट वेल्क्रोवर बसवली. ओढली की चर्र करून हातात. गुरुवारी आमच्या बैठकीच्या खोलीत ती निदान तीस वेळा तुटली.

शुक्रवारी तिचा नंबर आला. "मी पाल. मी डास खाते. मला झाडूने मारू नका. मला कुणी धरलं तर मी..." असं म्हणून तिने शेपूट ओढली. शेपूट जागची हलेना. पुन्हा ओढली. चेहरा लाल. मी शेजारी पाहिलं तर आमच्या मंडळी पदराचं टोक चावत होत्या. रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी शेपटीला चार पक्के टाके घातले होते. मधेच गळून पडली तर पोर रडेल म्हणून!

रांगेत मागे उभ्या असलेल्या एका फुलपाखराला दया आली. त्याने पुढे येऊन शेपूट दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. दोघी धप्पकन खाली बसल्या. सभागृह हसलं. शेपूट मात्र शाबूत.

पहिलं बक्षीस मगरीला मिळालं. तो झगा मी ओळखला.

घरी आल्या आल्या नातीने आजीसमोर कात्री ठेवली. आजीने चष्मा लावून, काही न बोलता, एकेक टाका उसवला. मग नात खोलीच्या मधोमध उभी राहिली, सगळं भाषण पहिल्यापासून म्हणाली आणि चर्रकन शेपूट काढून सोफ्यामागे पसार झाली. तिथून आवाज आला, "आबा, शेपूट वळवळत का नाहीये?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी शेपटीला दोरा बांधून ओढत बसतो.