गेदलों: किल्ला तेराव्या शतकातला, टॅक्सी एकविसाव्या

गेदलों 'पॅरिसपासून दोन तासांवर' आहे असं जिथे तिथे लिहिलेलं असतं. हे दोन तास गाडी असलेल्यांचे, ते मात्र कुणी सांगत नाही. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या त्रेन्यी गावाजवळ, जंगलात, एका जुन्या खाणीत, तेराव्या शतकातल्या पद्धतीने नवाकोरा किल्ला बांधायचं काम चाललंय. रेल्वे तिथवर जात नाही, आणि आमच्या वेळेला जुळेल अशी एकही बस मिळाली नाही. पॅरिसच्या बेर्सी स्टेशनावरून ओसेरला झोपा काढत पोचलो. जीव काढला तो त्यापुढच्या जेमतेम 45 किलोमीटरने.

रविवार होता. भाड्याच्या गाड्यांचं ऑफिस बंद. उरली टॅक्सी. आता हे नीट वाचा. पॅरिसबाहेर फ्रेंच टॅक्सीला ए, बी, सी, डी असे चार दर असतात. गाडी प्रवासी घेऊनच परतणार असेल तर ए किंवा बी. तुम्हाला सोडून रिकामी परतणार असेल तर सी किंवा डी, म्हणजे किलोमीटरमागे दर थेट दुप्पट. बी आणि डी हे रात्रीचे दर, आणि रविवारी, सणासुदीलाही तेच. जंगलात सोडून रिकामी परतणारी गाडी, त्यात रविवार: आमच्या नशिबी डी. संध्याकाळी न्यायला आली तेव्हा आम्ही आत बसायच्या आधीच मीटरवर भलामोठा आकडा चढलेला. दोन्ही खेपांचे मिळून अडीचशे युरोंच्या वर गेले. भांडायचीही सोय नाही, कारण सगळं नियमात बसतं.

तेव्हा आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या आणि पॅरिसहूनच गाडी घ्या. गाडी चालवायची नसेल, तर टॅक्सी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, आणि जाण्यायेण्याचे पैसे आधी ठरवून, लिहून घेऊन. तेही जमणार नसेल तर गेदलोंचं नाव यादीतून खोडा. ओसेर स्वतः सुंदर आहे, त्याबद्दल कुठेही वाचायला मिळेल.

किल्ल्याबद्दल मात्र एक शब्द वावगा बोलणार नाही. मला वाटलं होतं, झगे घातलेली माणसं, लुटुपुटीच्या तलवारी, असलं काहीतरी असेल. प्रत्यक्षात ती चालू साइट आहे. जवळच्याच सँ-फार्जो किल्ल्याच्या लाल विटांच्या पोटात मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष आहेत असं एका अभ्यासात दिसलं. त्यावरून त्या किल्ल्याचे मालक मिशेल गियो यांच्या डोक्यात आलं की असा किल्ला नव्यानेच बांधून पाहू. सहसंस्थापक मारिलीन मार्तां यांच्या साथीने 1997 मध्ये काम सुरू झालं. किल्ला बांधायला घेतल्याचं मनाने धरलेलं साल 1228, त्यामुळे त्यानंतरचं तंत्र चालत नाही. दगड त्याच खाणीतला, लाकूड भोवतालच्या ओकचं, कौलं तिथल्याच मातीची. मूळ अंदाज 25 वर्षांचा होता. तो कधीच ओलांडला, वेशीचं काम अजून चालूच आहे.

आपल्याकडे गडकोट फिरणाऱ्यांनी इथे बुरूज मोजत धावू नये. गवंड्यांजवळ बसावं. तटाच्या भिंतीत ओळीने चौकोनी भोकं असतात ना, ती कशाची यावर गडावर दहा मतं ऐकायला मिळतात. इथे त्यांत परांचीचे वासे खोचलेले डोळ्यांसमोर दिसतात. काटकोन काढायला तेरा गाठींची दोरी: गाठींमध्ये बारा सारखे भाग, ते तीन-चार-पाच असे ताणले की झाला काटकोन. कुणी मोबाइल काढत नाही की टेप. पाथरवट दगडावर हातोडा मारून आवाज ऐकतो आणि मग पाचर कुठे ठोकायची ते ठरवतो. दगड वर चढतो तो लाकडी चक्रातून. आत माणूस चालत राहतो, चक्र फिरतं, दोर गुंडाळला जातो. हे पाहताना मी किती वेळ उभा होतो कळलं नाही, बहीण दोनदा हाक मारून गेली.

पायात सुरक्षेचे बूट आणि दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा, एवढं आजचं. त्यावर नाक मुरडणारे पर्यटक भेटले. कायदा आहे, आणि डोळे त्या माणसाचे आहेत. 2019 च्या आगीनंतर पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं लाकडी छत कुऱ्हाडीने तासलेल्या ओकचं पुन्हा उभं राहिलं. त्या कामावर इथे हात बसलेले सुतार होते, म्हणजे हा नुसता हौशी खेळ नाही.

जायचं तर उघडताच आत शिरा. जेवणाच्या वेळी बरीच कामं थांबतात, आणि तेव्हाच गर्दी येते. हिवाळ्यात साइट बंद असते. गोठणाऱ्या थंडीत चुन्याचं काम करता येत नाही. वसंतात आणि शरदात आठवड्यातला एखादा दिवसही बंद असू शकतो, म्हणून तिकीट ऑनलाइन काढतानाच तारीख बघा. हा मुलूखच कुंभारांचा, माती चिकट. पाऊस पडून गेला असेल तर ट्रेकचे बूटच घाला आणि बाबागाडी सरळ गाडीत ठेवा. शाकाहारी असाल तर डबा न्या. तिथल्या खानावळीची रांग आणि पदार्थ, दोन्हींसाठी थांबण्यात अर्थ नाही.

पाट्या बहुतेक फ्रेंच, पण कारागीर विचारलं की हातातलं काम दाखवून समजावतात. पैसे भरून काही दिवस त्यांच्या हाताखाली राबायचीही सोय आहे. त्यासाठी फ्रेंच यावं लागतं. मला येत नाही, बहिणीला येतं, आणि ती पुढच्या उन्हाळ्यासाठी अर्ज भरून बसली आहे.