बेलोत्तोच्या चित्रांतलं वॉर्सा, पायी फिरून

वॉर्साचा राजवाडा बघायला बहुतेक लोक दोनेक तास ठेवतात. माझा तेवढा वेळ एकट्या कनालेत्तो दालनात गेला, तरी शेवटची दोन चित्रं घाईतच बघावी लागली.

दालनाला नाव कनालेत्तोचं असलं, तरी व्हेनिसचा तो प्रसिद्ध कनालेत्तो इथे नाही. ही चित्रं त्याच्या भाच्याची, बेर्नार्दो बेलोत्तोची. वेदुता, म्हणजे शहराचं बारकाईनं रंगवलेलं दृश्य, तो मामाच्याच हाताखाली शिकला आणि पुढे मामाचं नावही लावू लागला. पोलंडमध्ये आजही त्याला कनालेत्तोच म्हणतात, त्यामुळे पाट्या वाचताना गोंधळू नका. ड्रेस्डेनच्या दरबारात बरीच वर्षं काढून तो वॉर्सात आला, 1768मध्ये राजा स्तानिस्वाव ऑगस्ट पोन्यातोव्स्कीचा दरबारी चित्रकार झाला आणि 1780मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला.

दालनात त्याची 22 चित्रं आहेत. आधी मधोमध उभं राहून सगळ्यांवर एक नजर टाका, मग एकेका चित्राजवळ जा. मामाच्या चित्रांतलं ते व्हेनिसचं सोनेरी ऊन इथे शोधू नका. इथला उजेड थंड, जरा करडा, आणि सावल्या गडद. त्या उजेडात खिडक्यांच्या चौकटी, भिंतींचा गिलावा, घोडागाड्या, भिकारी, कुत्री, सगळं इतकं स्पष्ट दिसतं की आपण हळू आवाजात बोलू लागतो. 1770च्या ‘प्रागा बाजूकडून वॉर्सा’ (प्रागा म्हणजे नदीपलीकडचा वॉर्साचाच भाग) या भल्यामोठ्या चित्रात पुढच्या भागात चित्र काढत बसलेला माणूस शोधा. तो स्वतः बेलोत्तो.

हे दालनही मुळात नवं आहे. 1944मध्ये जर्मनांनी राजवाडा सुरुंग लावून उडवला आणि जुन्या शहराचा 85 टक्क्यांहून अधिक भाग जमीनदोस्त झाला. चित्रं जर्मनांनी आधीच नेली होती, युद्ध संपल्यावर ती परत मिळाली. शहर पुन्हा उभारताना वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी मोजमाप घेऊन केलेली रेखाटनं कामी आली, आणि त्यांच्या जोडीला ही चित्रं. बेलोत्तो कधीकधी एखादी इमारत होती त्याहून देखणी काढायचा, म्हणून काही ठिकाणी वॉर्सा युद्धापूर्वीच्या वॉर्सासारखं नसून त्याच्या चित्रासारखं आहे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची नजर विटा रचणाऱ्यांच्या उपयोगी पडली.

म्हणूनच चित्रं आधी बघा, शहर नंतर. राजवाडा सकाळी उघडताच गाठा. सोमवारी तो बंद असतो. आठवड्यातून एक दिवस प्रवेश मोफत असतो, पण त्या दिवशी गर्दीमुळे चित्रांजवळ निवांत थांबता येत नाही. या दालनासाठी तरी तिकीट काढाच. पाठीवरची मोठी सॅक सामानघरात ठेवावी लागते, तेव्हा पाण्याची बाटली आधीच पिऊन घ्या. ट्रामने आलात तर ‘स्तारे म्यास्तो’ थांब्यावर उतरा. तिथून सरकत्या जिन्यानं थेट वर राजवाड्याच्या चौकात येता.

बाहेर आल्यावर झिग्मुंट राजाच्या स्तंभापासून क्राकोव्स्किए प्शेद्‌मिएश्चे या रस्त्यानं दक्षिणेला चालू लागा. वाटेत जागोजागी बेलोत्तोच्या चित्रांच्या प्रतिकृती लावल्या आहेत, त्या त्या इमारतींच्या समोरच. होली क्रॉस चर्चसमोर मी प्रतिकृती आणि इमारत आलटून पालटून बघत राहिलो. दोन उंच बुरूज तसेच. पायऱ्यांपाशी आज क्रूस वाहणारा ख्रिस्त आहे, तो मात्र नंतरचा. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, पण दोन तास हाताशी ठेवा. शेवटी नोवी श्फियात मेट्रो स्टेशन लागतं.

परतताना मिओदोवा रस्त्यावर जरूर वळा. तिथल्या ब्रानित्स्की महालाच्या माथ्यावरचे पुतळे चित्रावरून पुन्हा घडवले आहेत. त्याच रस्त्यावरच्या कापुचिन चर्चमध्ये बेलोत्तोला पुरलं आहे. आम्ही तिथे चार मिनिटं नुसते बसलो.

संध्याकाळी राजवाड्याखालून ट्राम पकडून पूल ओलांडा आणि प्रागाच्या काठावर उतरा. सकाळी पाहिलेलं 1770चं चित्र फोनमध्ये घेऊन ठेवा. काठावर उभं राहून समोरचा एकेक मनोरा त्याच्याशी जुळवायला अर्धा तास सहज जातो.