सम, चरण आणि पायडल

आज सकाळी धुळ्याहून लळिंगच्या चढाकडे निघालेल्या सायकली बघताना तिहाई आठवली: तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवायचा. तीनतालात (१६ मात्रांचा ताल) समेवरून उचललेला ५ मात्रांचा तुकडा तीनदा घ्या, मध्ये दोनदा १-१ मात्रेचा दम, म्हणजे थांबा. १५ अधिक २ म्हणजे १७, शेवटचा ठोका बरोब्बर पुढच्या समेवर. घाईत दम गाळला की तिहाई दोन मात्रा आधीच संपते आणि सम हुकते. नवशिक्यांचं नेमकं इथंच चुकतं. बोल पाठ असतात, थांबणं मोजलेलं नसतं.

ओवीतही तेच. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. मोठ्याने वाचून बघा, सुरेख विसावा आहे तो.

सायकलची लय तर मोजताच येते. उजवा पाय १५ सेकंदांत किती वेळा खाली जातो ते मोजा, ४ ने गुणा. सपाटीवर मिनिटाला ८० ते ९० चांगले. ५०-५५ वर जड गिअर रेटला की भार गुडघ्यांवर येतो; फार हलका ठेवला तर बूड सीटवर उडतं. चढावर ६५-७० पुरे, पण गिअर चढ लागण्याआधीच उतरवा. जोर लावताना बदलला तर चेन कुरकुरते, कधी निसटतेही.