शंभर वर्षं झाली नाहीत, मग पाडा?

आमचं जुनं घर दुरुस्त करायची परवानगी मागताना आलेला राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी 1930च्या दशकात एकार्ट मुथेसिअस या जर्मन वास्तुकाराकडून तिथे माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. तो पाहून आमच्या पणजोबांनी लाकडी वाड्याचा बेत सोडला आणि काँक्रीटचं घर उभारलं: सपाट छत, गोल वळणाची गॅलरी, कोपऱ्यातून वळणारी लोखंडी खिडकी. गॅलरीखालचा गिलावा सुटून सळया दिसायला लागल्या, तेव्हा दुरुस्ती काढली. इंजिनिअर चांगले मिळाले, पैशांचीही सोय झाली.

अडलं परवानगीच्या कचेरीत. टेबलापलीकडचे साहेब म्हणाले, “जपायचं म्हणता, पण शंभर वर्षं कुठे झालीत? पाडा, नवीन नकाशा टाका, लगेच पास होईल.” पुढच्या खेपेला साहेब बदललेले, उत्तर तेच. अहो, शंभर वर्षांची अट केंद्राच्या 1958च्या कायद्यातली, प्राचीन स्मारकांसाठीची. राहत्या घराची गॅलरी सांधायला ती कशाला? चंदीगडचं कॅपिटॉल संकुल, म्हणजे विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालयाच्या काँक्रीटच्या इमारती, 1950-60च्या दशकांतलं, तरी 2016मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलंच ना! शिवाय काँक्रीट शंभरीची वाट बघत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरला की सळईचं संरक्षण जातं, ती गंजते, आणि गंज फुगून काँक्रीट फोडतो. आज हात लावला नाही, तर शंभरीला जपायला उरणार काय?

शेवटी गाडी हलली ती एका फोटोमुळे. इंजिनिअरनी गॅलरीचा टवका काढून ताज्या कडेवर फिनॉल्फथॅलीन हे धड काँक्रीटवर गुलाबी होणारं रसायन फवारलं. बाहेरचा बोटभर थर करडाच राहिला, आतलं सगळं गडद गुलाबी झालं. गुलाबी म्हणजे अजून धड. तो फोटो अहवालाला जोडला आणि अर्जात ‘नूतनीकरण’ खोडून ‘मूळ बांधकाम कायम ठेवून दुरुस्ती’ असं लिहिलं. वरिष्ठ साहेबांनी फोटो नीट पाहिला आणि सही केली. तेव्हा मला खरंच रडू आलं.

हो, प्रत्येक कागदाची पोच घ्या. तोंडी नकार ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. लेखी द्यायचं म्हटलं की सूर बदलतो.

कंत्राटदार लोखंडी खिडक्या काढून ॲल्युमिनियम बसवू म्हणेल. ठाम नाही म्हणा. गंज घासून, प्रायमर मारून, काचेची पुट्टी नवी भरली की त्या पुन्हा चालतात. आणि मोझेकच्या फरशीवर ॲसिड ओतू देऊ नका, संगमरवराच्या चिपा खाल्ल्या जातात. आधी पॉलिशवाल्याला बोलवा.