घरची डीटीएस सीडी आणि नुसती खरखर

"डिस्क गंडलीय, दुसरी राइट करा." घरी राइट केलेली, नुसती खरखर करणारी सीडी नेली, तर दुकानदारानं प्लेअर लावूनही न बघता निकाल दिला, वर तपासणीचे पैसे घेतले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

शिवजयंतीला मंगळवार पेठेत हलगीवाल्यांच्या रिंगणात झूम एच२एन रेकॉर्डर धरून चार चॅनेलचं रेकॉर्डिंग केलं होतं. पुढं हलगी, मागं घुमकं-कैताळ. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढची जोडी पुढच्या स्पीकरना, मागची मागच्यांना दिली, सेंटर आणि सबवूफर रिकामे ठेवले आणि एफएफएमपेग या फाइलचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं डीटीएस (सराउंड आवाज आवळून साठवायची पद्धत) करून साध्या ऑडिओ सीडीसारखं राइट केलं. एवढं सगळं सुरळीत पार पडलं.

लावली, तर खर्रर्र! रिसीव्हरवर (स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरवर) डीटीएसचा दिवा काही लागेना. वायर बदलली, सीडी बदलली, कमी स्पीडनं राइट केलं. खरखर तीच.

दुखणं असं असतं. सीडीवर सेकंदाला १४,११,२०० बिट मावतात, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झचे १६ बिटी दोन चॅनेल. डीटीएसवाले त्याच जागेत ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, कोंबतात. प्लेअरला वाटतं, हे साधं स्टिरिओ गाणं आहे. त्यानं आवाज रतीभर जरी कमी केला, इक्वलायझर लावला किंवा ४८ किलोहर्ट्झ केलं, तरी बिट बदलतात. मग रिसीव्हरला त्यातलं डीटीएस ओळखता येत नाही आणि तो आकड्यांचा कचराच गाणं म्हणून वाजवतो.

शेवटी भाच्यानं सहज प्लेअरच्या रिमोटवरचं व्हॉल्यूमचं बटण दाबलं. टीव्हीवर हिरवी पट्टी आली, अर्ध्यावर अडकलेली. हा पठ्ठ्या प्लेअर डिजिटल आउटचा (रिसीव्हरकडं जाणाऱ्या वायरीतला) आवाजही कमी करत होता! रिसीव्हर बारीक करून पट्टी टोकाला नेली, इक्वलायझर बंद केला. दिवा लागला आणि घुमकं थेट पाठीमागून आलं. दुकानदारानं रिमोट तरी हातात घ्यायचा होता.

कॉम्प्युटरवरून वाजवणार असाल, तर विंडोजचा मिक्सर हाच घोळ घालतो. रिसीव्हर पीसीएमवर (म्हणजे फक्त साध्या, न आवळलेल्या आवाजावर) अडकवलेला असेल, तरी खरखरच येणार. राइट करताना डिस्क-अॅट-वन्स (सगळी सीडी एका दमात राइट करणं) निवडा, नाहीतर ट्रॅकच्या मधे आवाज तुटतो. आणि हो, सीडीवर मार्करनं ठळक 'डीटीएस' लिहा. कुणी गाडीच्या स्टिरिओत घातली, तर पूर्ण आवाजातली खरखर ट्वीटर घेऊन जाईल.