दोन वजाबाक्या

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं तेव्हा मी गच्चीवर ऊन खात बसलो होतो. 'आपल्या आठवणी दोन पानांत लिहून पाठवाव्यात' असं त्यात होतं. लिहायला घेतलं आणि पहिली घंटा, वरचा हॉल, गणपतीतल्या स्पर्धा, स्नेहसंमेलनाची नाटकं, सगळं मागे राहून समोर फक्त बाई उभ्या राहिल्या. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की गणिताच्या बाई, हे माझ्या काळच्या कुणालाही वेगळं सांगावं लागणार नाही. नाव लिहीत नाही. स्वतःचं नाव कुठे छापून आलेलं त्यांना आवडत नसे.

१९७५ सालचा डिसेंबर. मी आठवीत होतो. शाळेचं हस्तलिखित दरवर्षी बाईंच्या देखरेखीखाली निघायचं आणि संक्रांतीला वरच्या हॉलमध्ये त्याचं प्रकाशन व्हायचं. माझं घर ग्वाल्हेरच्या जीवाजीगंजात, बाडा म्हणजे आमची मुख्य बाजारपेठ जाता-येता वाटेत, म्हणून सामान आणायचं काम माझ्याकडे. बाईंनी यादी दिली आणि पन्नासची एक नोट दिली. पन्नासच्या नोटा त्याच वर्षी निघाल्या होत्या. आमच्या घरात तोवर एकही आलेली नव्हती. ती मी भूगोलाच्या वहीत घालून, वही छातीशी धरून बाड्यावर गेलो.

दुकानात माझ्याच वयाचा एक मुलगा कामाला होता. सबलगडकडचा, छोट्या गाडीने म्हणजे नॅरोगेज रेल्वेने आलेला, रात्री दुकानातच झोपणारा. त्याने ड्रॉइंग शीट गुंडाळून सुतळीने बांधल्या, निळ्या आणि तांबड्या रंगाच्या बाटल्या, काळी शाई, निबा मोजून दिल्या. अठरा रुपये चाळीस पैसे झाले. पर्ची, म्हणजे बिलाची चिठ्ठी, उलटी करून त्याने कानावरच्या पेन्सिलीने वजाबाकी केली आणि मोठ्याने पैसे मोजले, "ये लो भैया, इक्यासी रुपये साठ पैसे."

मी ते ऐकलं. मोजताना माझं लक्ष नव्हतं, असं इतक्या वर्षांनी म्हणता आलं असतं, पण खरं ते लिहितो. 'इक्यासी' मी नीट ऐकलं आणि पैसे मुठीत घेऊन झपझप चालायला लागलो.

मेळा तोंडावर आला होता. माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ मध्ये सुरू केलेला तो मेळा म्हणजे आम्हा ग्वाल्हेरच्या मुलांची दुसरी दिवाळी. वडील मिलमध्ये कारकून, आम्ही भावंडं चार. मेळ्यात आम्हाला एकेक पाळणा आणि एकेक पुडा गजक, म्हणजे तीळगुळाची मिठाई, मिळे, त्यापुढे काही नाही. दहाच्या पाच नोटा मी घडी करून कंपासपेटीत कोनमापकाखाली ठेवल्या. रात्री रजईत पडल्या पडल्या त्या पैशांचं काय काय घेता येईल याचा हिशेब करत होतो. दुकानाचा विचार मनात आला नाही असं नाही. एवढं मोठं दुकान, त्यांना पन्नास रुपयांचं काय, असं स्वतःला सांगितलं आणि झोपलो.

सकाळी बाईंना सामान दिलं, वर एकतीस रुपये साठ पैसे आणि पर्ची. बाईंनी पैसे मोजले. मग सवयीने पर्ची उलटी केली.

मागे वजाबाकी होती. शंभरातून अठरा रुपये चाळीस पैसे वजा, खाली एक्क्याऐंशी रुपये साठ पैसे, त्याखाली दोन रेघा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरची तांबडी पेन्सिल घेतली आणि त्याच कागदावर शेजारी दुसरी वजाबाकी मांडली. पन्नासातून अठरा रुपये चाळीस पैसे, खाली एकतीस रुपये साठ पैसे. पर्ची माझ्यासमोर सरकवली.

"दोन्ही बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "यातली आपली कुठली?"

मी तांबड्या पेन्सिलीच्या वजाबाकीवर बोट ठेवलं.

"मग पहिलीचे पैसे कुठे आहेत?"

मी कंपासपेटी उघडली. बाईंनी नोटांना हात लावला नाही. "तुझ्याकडेच राहू दे. संध्याकाळी आपण दोघं जाऊ. आणि ही पर्ची जपून ठेव." त्या दिवशी भूमितीचा तास होता. कोनमापक काढायला पेटी उघडायचं मला धैर्य झालं नाही आणि त्याबद्दल बाई मला बोलल्याही नाहीत.

संध्याकाळी धुकं उतरायला लागलं होतं. बाई शाल गुंडाळून भराभर चालत होत्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, "दुकानाचा गल्ला रोज रात्री मोजतात. काल रात्री त्यात पन्नास रुपये कमी निघाले असतील. मालकाने कुणाला विचारलं असेल रे?"

मी दुकानाचा विचार केला होता. त्या मुलाचा केला नव्हता.

तो बाहेर पायरीवर बसून रद्दीच्या पिशव्या चिकटवत होता. बाई चार पावलं मागे थांबल्या आणि मला पुढे जाण्याची खूण केली. मी नोटा पुढे केल्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं, आत बघितलं, पण हात पुढे केला नाही. हळूच विचारलं, "पर्ची है?"

त्याने असं का विचारलं ते मला त्या क्षणी उमगलं नाही. बाईंना सकाळीच उमगलेलं होतं. नुसत्या नोटा घेऊन तो आत गेला असता तर मालक म्हणाला असता, काल चोरलेस, आज घाबरून परत आणलेस. त्याचा महिन्याचा पगार चाळीस रुपये होता आणि तो या महिन्यात मिळणार नाही असं त्याला रात्रीच सांगून झालं होतं. पैशांपेक्षा तो कागद त्याला जास्त हवा होता.

बाई पुढे आल्या, पर्ची मालकासमोर काउंटरवर ठेवली आणि दोन्ही वजाबाक्या बोटाने दाखवल्या. "हिसाब जाँचते समय मिली," असं म्हणाल्या. "नोट नया है, बच्चे ने सौ का समझ लिया। गलती हिसाब की है, नीयत की नहीं।" मालकाने चष्मा वर करून कागद दोनदा वाचला. मग त्या मुलाला, आम्हा सगळ्यांसमोर, "कल जो कहा था, वापस लिया" म्हणाला आणि पर्ची टेबलावरच्या तारेत खोचली. मला बक्षीस म्हणून एक शाईचं पेन काढून देत होता. बाईंनी ते उचलून पुन्हा त्याच्या पुढ्यात ठेवलं. "ये इसका नहीं है।"

परतताना मला रडू आलं. बाईंनी चालायचा वेग कमी केला नाही, फक्त माझ्या हातातली कंपासपेटी स्वतःकडे घेतली. ही गोष्ट त्यांनी वर्गात, स्टाफरूममध्ये, माझ्या घरी, कुठेही सांगितली नाही. आज मी सांगतो आहे.

पुढे १९८४ मध्ये मी बँकेत लागलो आणि नोकरीतली बहुतेक वर्षं कॅश काउंटरवर काढली. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना संध्याकाळी कॅश टॅली होईपर्यंतचा जीव टांगणीला लागणं माहीत आहे. जास्त निघाली तर ती संड्री, म्हणजे किरकोळ जमेच्या खात्यात जमा करायची, कमी पडली तर कॅशियरने स्वतःच्या खिशातून भरायची. बँकेची म्हणून कुणी गप्प बसून ठेवून घेतलेली नोट खरं तर काचेमागच्या माणसाच्या पगारातली असते. बढतीच्या परीक्षेसाठी अभ्यास करताना १८७२ च्या करार कायद्यातलं बहात्तरावं कलम वाचलं. चुकून दिलेला पैसा ज्याला मिळाला त्याने तो परत केला पाहिजे, असं त्यात आहे. ते वाचताना बाईंची तांबडी पेन्सिल डोळ्यांसमोर आली.

८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे दिवस तर विसरणं शक्य नाही. दोन हजारांच्या कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटायच्या आणि रांग रस्त्यापर्यंत. आमच्याकडे एक मुलगी नोकरीला लागून चारच महिने झालेली. तिच्या काउंटरवर दोन हजार कमी पडले. ती रात्री उशिरापर्यंत सगळी व्हाउचरं पुन्हा पुन्हा चाळत बसली आणि शेवटी पैसे भरून घरी गेली. दुसऱ्या दिवशी दालबाजारातला एक हमाल आला आणि घाईघाईने ती नोट माझ्या हातात कोंबून निघाला. मी त्याला थांबवलं. आदल्या दिवशीची त्याची स्लिप काढायला लावली, मॅनेजरसाहेबांना बाहेर बोलावलं आणि त्यांच्यादेखत त्याला म्हटलं, "बिटिया के हाथ में दो।"

बाड्यावरच्या त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. छोटी गाडी २०२० मध्ये बंद झाली. माझी नात फोन दाखवून पैसे देते, परत काही येतच नाही, त्यामुळे पर्चीमागे वजाबाकी करणारं कुणी उरलं नाही. शाळेत मराठीचे वर्ग किती उरलेत ते ऐकून वाईट वाटतं. पूर्वी मधल्या सुट्टीत अख्खं आवार मराठीत भांडायचं.

बाई गेल्या तेव्हा माझी बदली बाहेरगावी होती. पोचता आलं नाही, ते आजही मनाला लागून आहे.

समारंभाला मी येणार आहे. संयोजकांना एक विनंती आहे. ग्रंथालयाच्या जुन्या कपाटात १९७६ च्या संक्रांतीचं हस्तलिखित असेल तर ते कृपया बाहेर काढून ठेवावं. मुखपृष्ठावर किल्ल्याचं चित्र आहे, आकाशाचा निळा रंग त्याच बाटलीतला. शेवटच्या पानावर जमाखर्च आहे. जमा पन्नास, खर्च अठरा रुपये चाळीस पैसे, शिल्लक एकतीस रुपये साठ पैसे. बाईंनी तो मला लिहायला लावला होता. त्याखाली तांबड्या पेन्सिलीने त्यांची सही आहे.