शुक्रावरची तेवीस मिनिटे

अंतराळ संशोधनाच्या इतिहासावर मराठीत जे लिहिले जाते, त्यात स्पुतनिक, गागारिन, अपोलो ११ आणि अलीकडे चांद्रयान हे टप्पे हमखास येतात. शुक्रावर उतरलेल्या सोव्हिएत यानांचा उल्लेख मात्र आलाच तर एका ओळीत उरकला जातो. ही उपेक्षा मला सलते. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून माणसाला आलेला पहिला संदेश शुक्रावरचा आहे आणि तशा जमिनीचे पहिले स्पष्ट छायाचित्रही शुक्राचेच आहे. या दोन्ही गोष्टी ‘व्हेनेरा’ मालिकेतील यानांनी केल्या, आणि त्याही अशा ठिकाणी, जिथे शिसे वितळते.

शुक्राभोवती ढगांचे इतके दाट आवरण आहे, की साध्या दुर्बिणीतून त्याची जमीन कधीच दिसत नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे दलदल असेल, समुद्र असेल, असे अंदाज गंभीरपणे मांडले जात होते. रेडिओ निरीक्षणांनी आणि डिसेंबर १९६२ मध्ये शुक्राजवळून गेलेल्या अमेरिकेच्या मरिनर २ यानाने तिथे प्रचंड उष्णता असल्याचे दाखवले, तरी पाण्याची शक्यता अभियंत्यांनी पूर्णपणे सोडून दिलेली नव्हती. व्हेनेरा ४ चा कोश, म्हणजे यानापासून सुटून ग्रहावर उतरणारा भाग, पाण्यावर तरंगू शकेल असा बांधला होता आणि त्यातील एक कुलूप साखरेचे होते; कोश पाण्यात पडला तर साखर विरघळून अँटेना उघडावी, अशी ती योजना होती. आज वाचताना हे विचित्र वाटेल, पण अज्ञात जागी यंत्र पाठवणाऱ्याने प्रत्येक शक्यतेचा विचार करायचा असतो, आणि त्या साखरेच्या कुलपात मला तोच प्रामाणिकपणा दिसतो.

१८ ऑक्टोबर १९६७ रोजी व्हेनेरा ४ ने शुक्राच्या वातावरणात शिरून सुमारे दीड तास माहिती पाठवली. वातावरण जवळजवळ सर्वस्वी कार्बन डायऑक्साइडचे आहे, हे त्यातून कळले. संदेश थांबला तेव्हा कोश जमिनीवर पोहोचला असे सोव्हिएत बाजूने जाहीर झाले. प्रत्यक्षात तो अजून पंचवीसेक किलोमीटर उंचीवर होता. दुसऱ्याच दिवशी मरिनर ५ शुक्राजवळून गेले आणि त्याच्या मोजणीशी ताळा घातल्यावर जमिनीवरचा दाब अपेक्षेच्या कितीतरी पट असल्याचे ध्यानात आले. मे १९६९ मधील व्हेनेरा ५ आणि ६ ही याने याच दाबाने खाली पोहोचण्यापूर्वीच निकामी झाली. मात्र त्या प्रत्येकाने निकामी होईपर्यंतची मोजणी पृथ्वीवर पाठवली होती, आणि पुढच्या कोशाची जाडी त्या आकड्यांवरून ठरली.

तो पुढचा कोश व्हेनेरा ७ चा. गिओर्गी बाबाकिन यांच्या नेतृत्वाखालील, ही याने बांधणाऱ्या लावोच्किन संस्थेने तो टायटॅनियमचा केला आणि १८० वातावरणांचा, म्हणजे पृथ्वीवर समुद्रसपाटीला असलेल्या हवेच्या दाबाच्या १८० पट दाब सोसेल इतका मजबूत ठेवला. १५ डिसेंबर १९७० रोजी तो खाली येऊ लागला आणि एकामागून एक अडचणी सुरू झाल्या. मोजमापे आळीपाळीने पाठवणारा स्विच अडकला आणि फक्त तापमानाचाच आकडा येत राहिला. पॅराशूट फाटले. कोश सेकंदाला सुमारे १६ ते १७ मीटर वेगाने जमिनीवर आदळला आणि संदेश बंद पडला, असे सर्वांना वाटले. नंतर ध्वनिफिती बारकाईने तपासताना खरखरीच्या आत दडलेला, मूळच्या साधारण एक टक्का ताकदीचा संदेश सापडला, आणि तो तब्बल २३ मिनिटे चालू होता. कोश बहुधा कलंडला होता आणि अँटेनाचे तोंड पृथ्वीकडे राहिले नव्हते. त्या क्षीण संदेशातले तापमान एकसारखे ४७५ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. ते बदलत नव्हते आणि डॉपलर परिणामावरून, म्हणजे वेगामुळे संदेशाच्या वारंवारितेत पडणाऱ्या फरकावरून, कोशाचा वेगही शून्य झालेला दिसत होता, म्हणजे तो जमिनीवर स्थिर उभा किंवा आडवा होता. दाबाचा आकडा आला नव्हता, तरी उतरण्याचा वेग आणि तापमान यांवरून तो सुमारे ९० वातावरणे असल्याचे गणिताने काढता आले. आपल्या समुद्रात नऊशे मीटर खोल गेल्यावर जेवढा दाब असतो, जवळपास तेवढा. एका आकड्यातून आणि टाकून देण्याजोग्या भासणाऱ्या फितीतून एवढे काढणे, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोठे काम वाटते.

१९७२ मध्ये व्हेनेरा ८ ने तिथे छायाचित्र घेण्यापुरता उजेड आहे हे मोजले. २२ ऑक्टोबर १९७५ रोजी व्हेनेरा ९ ने धारदार कडांच्या चपट्या खडकांचे ते प्रसिद्ध कृष्णधवल चित्र पाठवले आणि तीन दिवसांनी व्हेनेरा १० ने दुसरे. दोन्ही यानांवर दोन-दोन कॅमेरे होते, पण प्रत्येकी एका कॅमेऱ्याचे झाकण निघाले नाही. १९७८ च्या व्हेनेरा ११ आणि १२ वर तर एकही झाकण निघाले नाही.

या मालिकेचा एक दोष सांगितलाच पाहिजे. पृथ्वीच्या कक्षेतच अडकलेल्या यानांना ‘कॉसमॉस’ असे सर्वसाधारण नाव देऊन त्यांचे खरे उद्दिष्ट लपवले जाई. मार्च १९७२ मध्ये व्हेनेरा ८ पाठोपाठ सुटलेले तिचे जुळे भावंड असेच कॉसमॉस ४८२ ठरले आणि त्याचा शुक्रासाठी बांधलेला कोश ५३ वर्षे पृथ्वीभोवती फिरून मे २०२५ मध्ये खाली आला. अपयश लपवल्यामुळे या अभियंत्यांनी किती अडचणींतून यश खेचून आणले, हेही जगाला फार उशिरा कळले.

मार्च १९८२ मध्ये व्हेनेरा १३ ने रंगीत चित्रे पाठवली, जमीन कोरून खडकाचे रासायनिक पृथक्करण केले आणि ३२ मिनिटांसाठी आखलेला कोश १२७ मिनिटे चालला. जून १९८५ मध्ये सोव्हिएत संघाच्याच व्हेगा मोहिमेतील दोन कोश उतरले आणि त्यानंतर आजवर शुक्रावर कोणीही उतरलेले नाही. भारताच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली असून मार्च २०२८ मध्ये उड्डाणाचे नियोजन आहे. ते यान कक्षेतूनच निरीक्षण करणार आहे, त्यामुळे खालचे खडक कशाचे आहेत हे ताडून पाहताना प्रत्यक्ष जमिनीवर केलेली मोजमापे आपल्याही शास्त्रज्ञांना व्हेनेरा आणि व्हेगा यांच्याच कोशांकडून घ्यावी लागतील.